डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला का नाही?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असतो. सनद नसेल तर वकिलाला कोर्टात बाजू मांडता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंटने कामात गैरप्रकार केला तर त्याची तक्रार त्याच्या संस्थेकडे करता येते आणि त्याचं नाव नोंदवहीतून काढलंही जाऊ शकतं.

पण बँकेचं ॲप किंवा रुग्णालयातलं मशीन ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते कुणी लिहावं याबद्दल भारतात अशी अट नाही. जगातल्या बहुतेक देशांतही नाही. याने काय बिघडतं, हे ब्रिटनमधल्या एका प्रकरणातून कळतं.

होरायझन प्रकरण काय होतं?

ब्रिटनमधली बरीचशी छोटी पोस्ट ऑफिसं करारावर घेतलेले सब-पोस्टमास्तर चालवतात. १९९९ पासून तिथे फुजित्सू कंपनीची 'होरायझन' ही हिशेबाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. त्यानंतर अनेक शाखांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. करारानुसार ही तूट सब-पोस्टमास्तरांना खिशातून भरावी लागे. अनेकांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर विकलं गेलं, कुणाचं दिवाळं निघालं.

प्रत्यक्षात दोष प्रणालीतच होते. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. शाखेच्या खात्यात बाहेरून कुणाला बदल करता येत नाही, असं पोस्ट ऑफिस अनेक वर्षं सांगत होतं. तेही खोटं निघालं. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना तसे बदल करता येत होते. अखेर मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा करून यातल्या शेकडो लोकांची शिक्षा एकदम रद्द केली.

यात व्यावसायिक दर्जाचा प्रश्न कुठे येतो?

सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतातच. इथला खरा प्रश्न वेगळा होता. काही दोष कंपनीतल्या लोकांना सुरुवातीपासून ठाऊक होते, तरी त्याच प्रणालीचे आकडे कोर्टात पुरावा म्हणून जात राहिले.

व्यवसाय आणि नोकरी यांत इथेच फरक पडतो. नोकरीत माणूस वरिष्ठांना उत्तर देतो. व्यवसायात त्याच्यावर आणखी एक बंधन असतं, ते समाजाच्या हिताचं. मालकाने सांगितलं म्हणून डॉक्टर खोटा मृत्यूचा दाखला देऊ शकत नाही, कारण तसं केल्यास त्याची नोंदणी जाऊ शकते.

आयटीतही आचारसंहिता आहे. एसीएम आणि आयईईई कम्प्युटर सोसायटी या संघटनांनी १९९९ मध्येच सॉफ्टवेअर इंजिनीअरांसाठी आठ तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं तत्त्व जनहिताचं आहे, मालक आणि ग्राहक दुसऱ्या क्रमांकावर येतात. अडचण एवढीच की ही संहिता मोडली म्हणून कुणाचं काम थांबत नाही.

मग परवाना का आणला नाही?

प्रयत्न झाले. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगला परवान्याच्या कक्षेत आणलं. २०१३ पासून अमेरिकेत त्यासाठी परीक्षाही सुरू झाली. पण परीक्षार्थी इतके कमी की २०१९ नंतर ती बंद करावी लागली.

परवान्याला विरोध करणाऱ्यांत एसीएम ही संघटनाही होती. काय आलं म्हणजे माणूस पात्र, यावर या क्षेत्रात अजून एकमत नाही, त्यामुळे परवान्याने खोटी खात्री मिळेल, असं तिचं म्हणणं होतं. इतरही कारणं आहेत. तंत्रज्ञान झपाट्याने बदलतं. अनेक चांगले प्रोग्रामर इंजिनीअरिंगची पदवी न घेता आलेले असतात. शिवाय पुलाच्या आराखड्यावर एका इंजिनीअरची सही असते, पण एका ॲपमध्ये शेकडो जणांचा कोड असतो. त्यात जबाबदार कुणाला धरायचं, हे ठरवणं कठीण जातं.

इतर देशांनी काय केलं?

जपानमध्ये १९६९ पासून माहिती तंत्रज्ञानाच्या सरकारी परीक्षा होतात. सायबर सुरक्षेसाठी तिथे २०१६ मध्ये कायदा बदलून नोंदणीकृत तज्ज्ञांची पद्धत आणली. नोंदणी झालेल्यांना गोपनीयता पाळावी लागते, ठरलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी नसलेल्यांना सुरक्षेचं काम करता येतं, फक्त ते पदनाम लावता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९५७ साली स्थापन झालेली बीसीएस ही संस्था 'चार्टर्ड आयटी प्रोफेशनल' हा दर्जा देते. तो ऐच्छिक आहे. होरायझननंतर या संस्थेने मागणी केली, की ज्या कामात लोकांचा जीव, पैसा किंवा स्वातंत्र्य पणाला लागतं, निदान तिथे तरी नोंदणीकृत व्यावसायिक असावेत. सरसकट परवान्यापेक्षा हा मधला मार्ग आहे. गेमच्या ॲपला वेगळा नियम आणि रुग्णालयाच्या यंत्रणेला वेगळा.

भारतात काय स्थिती आहे?

भारतीय आयटी कंपन्यांनी दर्जाची सर्टिफिकेटं भरपूर मिळवली. 'सीएमएम लेव्हल ५' हे शब्द एकेकाळी जाहिरातींत झळकायचे. पण ते मोजमाप कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं होतं, माणसाचं नव्हे.

माणसांसाठी ज्या सोयी आहेत, त्या वेगवेगळ्या कामाच्या आहेत. नायलिटचे 'ओ' ते 'सी' लेव्हल कोर्स ज्ञान तपासतात. नॅसकॉमने २००६ मध्ये सुरू केलेली नॅशनल स्किल्स रजिस्ट्री कर्मचाऱ्याची ओळख आणि पार्श्वभूमी पडताळते. क्लाउड कंपन्यांची सर्टिफिकेटं त्या कंपनीचं उत्पादन वापरता येतं, एवढंच सांगतात. दोष दडवायला सांगितलं तर कर्मचाऱ्याने काय करायचं आणि त्याच्या पाठीशी कोण उभं राहील, हे यातलं काहीच ठरवत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण माहितीची सुरक्षा राखली नाही म्हणून होणारा हा दंड संस्थेला होतो. कोड लिहिणाऱ्याच्या किंवा तो मंजूर करणाऱ्याच्या व्यावसायिक वर्तनाची चौकशी करणारी परिषद भारतात अजून नाही.

म्हणजे पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या एखाद्या टेस्टरला गंभीर दोष सापडला आणि 'आत्ता रिलीज करा, नंतर बघू' असं उत्तर मिळालं, तर त्याच्या हाती उरतात दोनच गोष्टी: दोषाची लेखी नोंद आणि कंपनीची अंतर्गत तक्रार यंत्रणा. डॉक्टर किंवा चार्टर्ड अकाउंटंटला नकार देताना नोंदणीचा आधार असतो. "माझी नोंदणी जाईल" हे वाक्य त्याला म्हणता येतं, आयटीतल्या माणसाला अजून म्हणता येत नाही.