बासष्टाव्या डावाचा पुरावा

1834 साली जून ते ऑक्टोबर या काळात लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात फ्रान्सचा ला बुर्दोने आणि बेलफास्टचा मॅकडोनेल यांच्यात बुद्धिबळाचे सहा सामने झाले. ला बुर्दोनेने 45 डाव जिंकले, मॅकडोनेलने 27, आणि 13 बरोबरीत सुटले, एकूण 85. ते आज हाताशी आहेत याचे मोठे श्रेय क्लबाचा चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर याला. त्याने खेळ्या टिपल्या. मॅकडोनेल 1835 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी वॉकरचे पुस्तक निघाले.

त्यातला चौथ्या सामन्याचा सोळावा डाव माझ्या पटावर मांडलेला आहे. आधीच्या तीन सामन्यांचे डाव 25, 9 आणि 12. म्हणजे हा बासष्टावा. सिसिलियन बचाव खेळून ला बुर्दोने काळ्याने जिंकला. इथे सावध राहायला हवे. पांढऱ्यानेच पहिली खेळी करावी हा दंडक तेव्हा रुळलेला नव्हता. आजच्या छापील डावातला ‘काळा’ म्हणजे दुसरी खेळी करणारा, एवढेच निश्चित धरावे.

दुसरा साक्षीदार बुद्धिबळावर लिहिणारा जॉर्ज वॉकर; चिटणीस वॉकरहून हा वेगळा. मॅकडोनेल एकेका खेळीला फार वेळ घेई, असे त्याने लिहून ठेवले आहे. पण बुद्धिबळाचे घड्याळ तेव्हा नव्हते. त्यामुळे या डावात कोण कुठे अडखळला, हा तर्कच.

खेळ्या मात्र स्वतःच साक्ष देतात. 24व्या खेळीला पांढऱ्याचे प्यादे सी6 वर सरकते. 30व्या खेळीला तेच डी7 वरचा उंट मारते. मधली एक खेळी चुकीची टिपली असती तर पुढचा दुवा तुटण्याचा संभव होता. मी दोनदा मांडून पाहिले, दुवे जुळतात. टिपणाऱ्याच्या हाताची ही खात्री पटते तेव्हा अंगावर शहारा येतो.

36व्या खेळीला काळा आपला वजीर देऊन डी1 वरचा हत्ती घेतो. पांढरा दुसऱ्या हत्तीने वजीर मारतो. मग ई3 वरचे प्यादे ई2 वर येते. डी2, ई2, एफ2: तीन काळी प्यादी शेजारी शेजारी, वजीर होण्यापासून प्रत्येकी एका घरावर. पांढऱ्याकडे वजीर आणि हत्ती आहेत, तरी तिन्ही थोपवता येत नाहीत.

नोंद इथेच संपते. पटावर मात झालेली नाही, शहसुद्धा नाही. म्हणून मॅकडोनेलने याच स्थितीत डाव सोडला, असा निष्कर्ष काढावा लागतो.