आधी नेटवर्क की आधी ड्रायव्हर?

संगणक सुरू होताना नेटवर्क कार्ड चालले नाही, तर ते चालवायला लागणारी फाइल बहुधा नेटवर्कच्या पलीकडेच असते. ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण उभी राहिल्यावर ड्रायव्हर बिघडला तर तो काढता येतो, नवा घालता येतो, लॉग वाचता येतो. सुरुवातीच्या काही सेकंदांत यातले काहीच हाताशी नसते. डिस्क अजून जोडलेली नसते, लॉग लिहायला जागा नसते आणि पडद्यावरच्या ओळी वाचायच्या आत वर निघून जातात. हा पेच डिस्क नसलेल्या संगणकांबरोबर जन्माला आला. गेल्या चाळीस वर्षांत प्रत्येक पिढीने त्यावर तोडगा काढला, आणि प्रत्येक तोडग्याने पेचाची जागा तेवढी बदलली.

१९८०च्या दशकात हार्ड डिस्क महाग होती, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने डिस्कविना चालणारी वर्कस्टेशन्स विकायला काढली. त्यांच्या बोर्डावरच्या रॉममध्ये इथरनेटचा एक अगदी छोटा ड्रायव्हर असे. मशीन सुरू होताच तो आपला हार्डवेअर पत्ता नेटवर्कवर सर्वांना कळवून स्वतःचा आयपी पत्ता विचारी. ही पद्धत म्हणजे आरएआरपी. जून १९८४च्या आरएफसी ९०३मध्ये ती नोंदलेली आहे. पत्ता मिळाला की टीएफटीपी या सुटसुटीत प्रोटोकॉलने ५१२ बाइटच्या तुकड्यांत बूट फाइल येई. त्या फाइलीचे नाव म्हणजे तोच आयपी पत्ता, पण षोडशमान अंकांत लिहिलेला: १९२.९.२००.१ असेल तर सी००९सी८०१. सर्व्हरवर त्या नावाची लिंक नसली, किंवा त्यातला ‘सी’ मोठ्या लिपीऐवजी छोट्या लिपीत टाइप झालेला असला, की वर्कस्टेशन तेच ते विचारत ताटकळत राही. दोष ड्रायव्हरचा, केबलचा की नावातल्या एका अक्षराचा, हे त्याच्या पडद्यावरून कळायला मार्ग नव्हता.

त्यामुळे निदान शेजारच्या मशीनवरून करायची पद्धत पडली. तारेवरून जाणारी पॅकेट्स दुसऱ्या संगणकावर पकडून पाहायची. विचारणा दिसली तर रॉममधला ड्रायव्हर ठीक. उत्तर दिसले नाही तर दोष सर्व्हरकडे. विचारणाच दिसली नाही तर कार्ड किंवा केबल. १९८८मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी लिहिलेला टीसीपीडम्प याच कामाला आजही वापरला जातो. आरएआरपीची मोठी अडचण ही की त्याची विचारणा राउटर ओलांडत नसे, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यावर एक सर्व्हर ठेवणे आले. सप्टेंबर १९८५मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी मांडलेल्या बूटपीने ती दूर केली. पत्ता, सर्व्हर आणि फाइलीचे नाव एकाच उत्तरात मिळू लागले आणि ही विचारणा रिलेमार्फत राउटरपलीकडे पाठवता येऊ लागली. ऑक्टोबर १९९३मध्ये आलेला डीएचसीपी बूटपीच्याच साच्यावर बेतलेला आहे.

पीसीच्या जगात दुखणे वेगळे होते. सनचे यंत्र आणि त्याचा ड्रायव्हर एकाच घरचे; पीसीत मात्र कोणाचेही कार्ड बसे. नोव्हेलच्या एनई२००० कार्डाच्या नकला इतक्या निघाल्या की ते कार्ड म्हणजे एक अलिखित मानकच झाले. त्याचा आय-ओ पत्ता ३०० आणि इंटरप्ट ३, हे कारखान्यातून ठरून येत. पण इंटरप्ट ३ हा दुसऱ्या सिरियल पोर्टचाही होता. माउस किंवा मोडेम तिथे लावलेला असला की ड्रायव्हर लोड होई, कार्ड सापडल्याचा संदेशही येई, आणि पहिलेच पॅकेट आल्यावर मशीन गोठे. उपाय म्हणजे झाकण उघडून जंपर हलवणे आणि नेट.सीएफजी फाइलीत तोच आकडा लिहिणे. या दोन आकड्यांत फरक राहिला की सगळे मुसळ केरात.

भारतातल्या संगणक संस्थांच्या लॅबमध्ये नव्वदच्या दशकात ‘नोड’ म्हणून ओळखली जाणारी डिस्कविना मशीन्स याच पठडीतली. बूट रॉम नसेल तिथे फ्लॉपी. त्या फ्लॉपीवर चार प्रोग्रॅम ठरलेल्या क्रमाने चालवावे लागत: आधी एलएसएल, मग कार्डाचा ड्रायव्हर, मग आयपीएक्सओडीआय आणि शेवटी नेटएक्स. क्रम चुकला तर निदान तसे सांगणारा संदेश तरी येई. खरा घोळ फ्रेमच्या, म्हणजे पॅकेटच्या बांधणीच्या, प्रकाराचा. नोव्हेलच्या नेटवेअर या सर्व्हर प्रणालीच्या ३.११ आवृत्तीपर्यंत मूळ फ्रेम ८०२.३ होती, ३.१२ आणि ४ या आवृत्त्यांनी ती ८०२.२ केली. सर्व्हर नवा आणि फ्लॉपी जुनी असली की कार्डाचा दिवा लागलेला, ड्रायव्हर बसलेला, तक्रार कसलीच नाही, आणि शेवटी एवढेच उत्तर की फाइल सर्व्हर सापडत नाही. ड्रायव्हर बदलून, कार्ड बदलून, केबल बदलून लोक थकत. दुखणे सेटिंगच्या एका ओळीत असे.

लिनक्सने जंपरचे आकडे विचारण्याऐवजी कार्ड स्वतः शोधायचे ठरवले. नासाच्या गॉडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी सुरुवातीचे बरेचसे इथरनेट ड्रायव्हर लिहिले. आयएसए बसवर कोण कुठे बसले आहे हे विचारायची सोय नव्हती, म्हणून ड्रायव्हर संभाव्य पत्त्यांवर मूल्ये लिहून प्रतिसाद पाही. त्या पत्त्यावर नेटवर्क कार्डाऐवजी दुसरेच कार्ड असले तर ते बिथरे आणि बूट तिथेच थांबे. त्यासाठी कर्नलला सुरुवातीलाच ‘रिझर्व्ह’ या पर्यायाने अमुक पत्त्याला हात लावू नकोस, आणि ‘इथर’ या पर्यायाने कार्ड तमुक पत्त्यावर आहे, असे बजावून सांगावे लागे. एनई२०००चा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून लोड केला, तर तो आयएसए कार्डाचा पत्ता दिल्याशिवाय कामच करत नसे. पीसीआय बस आल्यावर हे अंदाजाचे खेळ संपले. प्रत्येक कार्ड आपला उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक सांगू लागले. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा उत्पादक क्रमांक घेतला, त्यातली गंमत जुन्या प्रोसेसरची आठवण असणाऱ्यांना कळेल. तेव्हापासून आजपर्यंत बूटच्या वेळी ड्रायव्हर बसत नसेल तर हे दोन क्रमांक पाहणे, ही पहिली पायरी ठरली.

सप्टेंबर १९९९मध्ये इंटेलने नेटवर्कवरून बूट करण्याच्या पीएक्सई या मानकाची २.१ आवृत्ती प्रसिद्ध केली. कार्डावरच्या रॉममध्ये यूएनडीआय नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर असेल आणि कोणताही बूट प्रोग्रॅम त्याच्याकडून काम करून घेईल, असा हा करार होता. चुकांनाही क्रमांक मिळाले: ई६१ म्हणजे केबल तपासा, ई५१ म्हणजे डीएचसीपीचे उत्तर आले नाही, ई५३ म्हणजे उत्तर आले पण त्यात फाइलीचे नाव नाही. सनच्या मुक्या वर्कस्टेशनपेक्षा ही मोठीच प्रगती. सनचा वारसाही टिकला. पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर आपली कॉन्फिगरेशन फाइल षोडशमान आयपी पत्त्याच्याच नावाने शोधतो, आणि न मिळाल्यास शेवटचा एकेक अंक गाळत जातो.

पण पीएक्सईने एक नवा चकवा निर्माण केला. रॉममधला ड्रायव्हर कर्नल आणून देतो आणि तिथे त्याचे काम संपते. कर्नल किंवा इन्स्टॉलर आपला स्वतंत्र ड्रायव्हर लोड करतो, लिंक नव्याने जोडतो, पत्ता नव्याने मागतो. म्हणजे एकाच बूटमध्ये नेटवर्क दोन किंवा तीन वेळा उभे राहते. ‘आत्ता तर याच कार्डावरून फाइल आली, मग इन्स्टॉलर कार्डच नाही असे कसे म्हणतो?’ हा प्रश्न अनुभवी माणसालाही पडे. त्यातच स्विचचा वाटा. लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री वापरणारा स्विच, लिंक आल्यावर ते पोर्ट १५ अधिक १५ अशी ३० सेकंदे अडवून ठेवतो. प्रत्येक नव्या ड्रायव्हरने लिंक तोडून जोडली की ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून. इन्स्टॉलर तेवढा धीर धरत नसे आणि दोषी ठरे ड्रायव्हर. स्विचच्या त्या पोर्टवर ही अडवणूक टाळणारी पोर्टफास्ट ही सोय चालू केली की ‘ड्रायव्हर’ बरा होई. डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या मशीनची विचारणा किती वेळा आणि किती अंतराने आली, हे पाहिले असते तर पुष्कळांचा वेळ वाचला असता.

विंडोजकडे हाच चकवा विंडोज २०००बरोबर आलेल्या, नेटवर्कवरून विंडोज बसवणाऱ्या आरआयएस सेवेत दिसला. निवडलेल्या इमेजमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही, अशी सूचना येई. ड्रायव्हर फोल्डरमध्ये टाकूनही ती जात नसे, कारण आधी बनलेल्या पीएनएफ फाइली पुसून बिन्ल सेवा पुन्हा सुरू केल्याखेरीज सर्व्हर नवी फाइल पाहतच नसे. पुढे विंडोज पीईने ड्रायव्हर थेट इमेजमध्ये घालण्याची सोय दिली.

लिनक्समध्ये मूळ फाइलप्रणाली नेटवर्कवर आणि तिच्यापर्यंत पोचवणारा ड्रायव्हर त्याच फाइलप्रणालीत, असा गुंता होता. १९९६च्या सुमारास आलेल्या इनिटआरडीने तो सोडवला आणि पुढे इनिटरामएफएसने तीच कल्पना पक्की केली: आवश्यक ड्रायव्हरांची छोटी गाठोडी कर्नलबरोबरच मेमरीत पोचवायची. मग तक्रार गाठोडीत काय नाही याची होऊ लागली. गाठोडी लहान ठेवण्यासाठी फक्त चालू मशीनचेच ड्रायव्हर भरले, आणि तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की बूट अर्ध्यावर. ही गाठोडी बांधणाऱ्या ड्रॅकटसारख्या साधनांनी निदान अशा वेळी एक आणीबाणीचा शेल आणि लॉगची फाइल तरी हाती दिली.

या इतिहासातले सर्वांत चमत्कारिक प्रकरण २००८चे. लिनक्स २.६.२७च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या लॅपटॉपमधली इंटेलची नेटवर्क कार्डे एकाएकी मरू लागली. पुढच्या बूटला ई१०००ई ड्रायव्हर कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीची बेरीज जुळत नसल्याचे सांगून माघार घेई. मशीन पुन्हा सुरू करून उपयोग नव्हता, कारण मेमरीतला मजकूरच खोडला गेला होता. उबुंटूने हा ड्रायव्हर तात्पुरता बंद केला. संशय आधी ड्रायव्हरवर, मग ग्राफिक्सच्या कोडवर गेला. ऑक्टोबरमध्ये गुन्हेगार सापडला तो भलताच: कर्नलमधील फंक्शनांचा माग काढणारी एफट्रेस ही सोय. ती कोडमधल्या जागांचे पत्ते टिपून ठेवी. मॉड्यूल सुरू होताना एकदाच लागणारा कोड नंतर काढून टाकला जातो, आणि ती मोकळी झालेली पत्त्यांची जागा कधी कधी नेटवर्क कार्डाच्या मेमरीला मिळे. एफट्रेस तिथे जुना कोड आहे असे समजून ‘तुलना करून बदल’ ही सूचना चालवी. तुलना जुळली नाही तरी ती सूचना प्रोसेसरकडून एक लेखन करवतेच, आणि तेवढ्याने कार्ड निकामी होई. २.६.२७.१मध्ये ती सोय बंद करण्यात आली, आणि इंटेलने कार्डाच्या मेमरीला लेखनबंदीचे कुलूप घातले. ड्रायव्हर निर्दोष होता.

एका कार्डाने मात्र दोन्ही घरांत त्रास दिला. ब्रॉडकॉमच्या नेटएक्स्ट्रीम-२ मालिकेला विंडोजमध्ये आधी आभासी बसचा ड्रायव्हर लागे आणि तो बसल्यावरच नेटवर्कचा. इमेजमध्ये फक्त नेटवर्कचा घातला तर कार्ड दिसतच नसे. लिनक्समध्ये त्याचा बीएनएक्स२ ड्रायव्हर कर्नलमध्ये होता, पण कार्डात भरायचे फर्मवेअर वेगळ्या फाइलीत. डेबियन या लिनक्स वितरणाच्या फेब्रुवारी २०११मधल्या ६व्या आवृत्तीने मुक्त नसलेले असे फर्मवेअर कर्नलमधून वगळले. परवान्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत होता. सर्व्हरपाशी उभ्या असलेल्या माणसासाठी तो जाचक होता. इन्स्टॉलर फाइलीचे नाव सांगून ती पेन ड्राइव्हवरून मागे, आणि ती उतरवून घ्यायला नेटवर्क हवे ते याच कार्डावर.

नंतरच्या काळात लिनक्समधला कार्डांच्या नावांचा गोंधळ जानेवारी २०१३मध्ये आलेल्या सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाच्या १९७व्या आवृत्तीने कमी केला. ड्रायव्हर कोणत्या क्रमाने लोड झाले यावर ‘ईटीएच०’ कोणते हे ठरण्याऐवजी कार्डाच्या जागेवरून नाव मिळू लागले. यूईएफआय या नव्या फर्मवेअर मानकाने कार्डावरच्या रॉमचे काम मशीनच्या फर्मवेअरकडे घेतले आणि २०१५च्या २.५ आवृत्तीत टीएफटीपीऐवजी एचटीटीपीने बूट करण्याची वाट दिली. पातळ लॅपटॉपांतून इथरनेटचे पोर्ट गेले, तेव्हा यूएसबी अडॅप्टरचा ड्रायव्हर फर्मवेअरमध्ये आहे का, हा प्रश्न आला. शिवाय एकाच अडॅप्टरने दहा लॅपटॉपवर सिस्टिम बसवली तर हार्डवेअर पत्ता तोच असल्याने व्यवस्थापन सर्व्हरला ते एकच मशीन वाटे. डेबियनचा पेच मात्र मतदानाने सुटला. २०२२मध्ये सभासदांनी कौल दिला आणि जून २०२३मधल्या डेबियन १२पासून मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळते.