पासपोर्ट, परवाना आणि ओळख : पूर्व आफ्रिकेतील भारतीयांचा इतिहास

कच्छ-काठियावाडचा किनारा आणि पूर्व आफ्रिका यांचे नाते फार प्राचीन आहे. मोसमी वाऱ्यांच्या आधारे येथील गलबते शतकानुशतके झांजीबार व मोम्बासा बंदरांत ये-जा करीत असत. त्या काळी ना पासपोर्ट होता, ना व्हिसा. व्यापाऱ्याची पत हीच त्याची ओळख होती. तिकडे ‘मेरिकानी’ या नावाने विकले जाणारे मांजरपाटासारखे कोरे कापड मुळात अमेरिकेतील गिरण्यांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांच्या मालाने त्या बाजारात आपले स्थान निर्माण केले. कापडाचे नाव मात्र ‘मेरिकानी’च राहिले. माल एका देशाचा आणि नाव दुसऱ्या देशाचे, हा प्रकार पुढे तेथील माणसांच्याही वाट्यास यावयाचा होता.

कराराने गेलेले आणि व्यापारास गेलेले

इ. स. १८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधला. त्यासाठी सुमारे ३२,००० भारतीय मजूर, बहुतांशी पंजाबातून, तीन वर्षांच्या कराराने नेण्यात आले. सुमारे अडीच हजार मजुरांनी त्या कामी प्राण गमावले. करार संपल्यावर बहुसंख्य मायदेशी परतले, तर सुमारे ६,७०० तेथेच स्थिरावले. आजच्या भाषेत ज्यास मुदतीचा ‘वर्क व्हिसा’ म्हणतात, त्याचेच हे एक जुने रूप होय.

लोहमार्गाच्या मागोमाग व्यापारी गेला. जामनगर परिसरातील, म्हणजे हालार प्रांतातील, विसा ओसवाल जैन कुटुंबे विसाव्या शतकाच्या आरंभापासून केनियात जाऊ लागली. विक्रम संवत १९५६ च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने पश्चिम भारतातील शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. शेतीवर पोट न भरणारी ही मंडळी मुंबईहून आगबोटीने मोम्बासास उतरली आणि आडगावांतून कापड, धान्य, मीठ, साखर विकू लागली. आपला ‘दुकान’ हा शब्द स्वाहिली भाषेत ‘दुका’ होऊन रुजला. १९२० पर्यंत तेथे चलन म्हणूनही भारतीय रुपयाच चालत असे. परंतु उंचावरील सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती आणि १९२३ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेनेही भारतीयांची समान हक्कांची मागणी मान्य केली नाही. गोरा सत्ताधीश आणि आफ्रिकी भूमिपुत्र यांच्या मधल्या पायरीवर भारतीय उभा राहिला. ही मधली पायरीच पुढे त्यास महागात पडली.

दोन वर्षांची मुदत

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. १९६२ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे १,७७,००० आशियाई लोक होते. जी व्यक्ती केनियात जन्मली व जिच्या माता-पित्यांपैकी एकाचा जन्मही तेथील होता, ती आपोआप नागरिक ठरली. इतरांस अर्ज करण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेकांनी अर्ज केले. परंतु फार मोठ्या संख्येने कुटुंबांनी ब्रिटिश पासपोर्ट जवळ ठेवणे पसंत केले. कित्येक घरांत एक भाऊ केनियाचा नागरिक, तर दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक, अशी वाटणी झाली. सर्व भांडवल एकाच धंद्यात न गुंतविण्याची व्यापारी सावधगिरीच त्यात होती.

१९६७ मध्ये केनियाने नवा इमिग्रेशन कायदा केला. नागरिक नसलेल्यास कामाचा परवाना घेणे बंधनकारक झाले. त्याच वर्षीच्या व्यापार परवाना कायद्याने, त्यांनी कोणत्या भागात व कोणत्या मालाचा व्यापार करावा, यावरही मर्यादा आल्या. ज्या पेढीवर बाप-आजोबा बसले, तिच्यावर बसण्यासही आता मुदतीचा कागद लागू लागला. साहजिकच ब्रिटिश पासपोर्टधारक कुटुंबे विमानाने लंडनकडे निघाली.

न वटलेली हुंडी

लंडनने मात्र दार लोटून घेतले. गृहमंत्री जेम्स कॅलघन यांनी मांडलेले विधेयक संसदेने अवघ्या काही दिवसांत संमत केले आणि १ मार्च १९६८ रोजी त्याचा कायदा झाला. स्वतःचा, माता-पित्यांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणाचा ब्रिटनमधील जन्म किंवा तत्सम संबंध दाखविता आला, तरच पासपोर्टधारकास मुक्त प्रवेश मिळावयाचा होता. इतरांसाठी वर्षाला फक्त १,५०० कुटुंबप्रमुखांस व्हाउचर देण्याचे ठरले. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण ‘आजोबा कोठे जन्मले’ या एका प्रश्नात सर्व काही येऊन गेले.

व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे, तर पासपोर्ट ही सरकारने लिहिलेली हुंडी आहे. ती वटते तोवर तिला मोल, आणि ज्याने लिहिली त्यानेच नाकारली, तर धारकाने जावे कोठे? भारतानेही, ही जबाबदारी ब्रिटनची आहे या भूमिकेतून, केनियातील ब्रिटिश पासपोर्टधारकांस व्हिसाची अट घातली. काही दुर्दैवी जीव एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर चेंडूप्रमाणे टोलविले गेले.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाच्या इदी अमीन यांनी तेथील आशियाई लोकांस देश सोडण्याचा आदेश जाहीर केला. मुदत ठरली ९० दिवसांची. सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगर परिषदेने तर ‘आमच्या शहरी येऊ नका’ अशी जाहिरात युगांडाच्या वृत्तपत्रात दिली. तरीही हजारो लोक तेथेच गेले आणि बंद पडत चाललेल्या बाजारपेठा त्यांनी पुन्हा उभ्या केल्या. त्याच लेस्टरमध्ये पुढे जैन मंदिर उभे राहिले. १९७३ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाने, १९६८ च्या कायद्याने वर्णभेद केला व तो मानवी प्रतिष्ठेस हीनता आणणारा होता, असे मत नोंदविले.

ओळखीचा प्रश्न

अन्यायाचे परिमार्जन होण्यास फार काळ लागला. व्हाउचर योजना मार्च २००२ मध्ये बंद झाली आणि दुसरे कोणतेही नागरिकत्व नसलेल्या अशा पासपोर्टधारकांस ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क त्याच वर्षीच्या कायद्याने मिळाला. केनियाने २०१० च्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व मान्य केले आणि २०१७ मध्ये तेथील आशियाई समाजास देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. २०२२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ऋषी सुनक यांचे वडील केनियात, तर आई टांगानिकात जन्मलेली. काळाचा महिमा अगाध आहे!

तथापि या यशोगाथेत एक गोष्ट विस्मरणात जाऊ नये. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांची नावे इतिहासात आली. जे व्हाउचरच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबले, ज्यांच्या कुटुंबांची तीन देशांत फाटाफूट झाली, त्यांची नोंद क्वचितच झाली. सरकारी कागदावर माणूस कधी ‘प्रजाजन’, कधी ‘परदेशी’, कधी ‘पासपोर्टधारक’ ठरत गेला. परंतु घरात बोलली जाणारी गुजराती वा कच्छी, देव्हाऱ्यातील मूर्ती आणि पर्युषणातील क्षमायाचना यांवर कोणाचा शिक्का लागला नाही. आज ज्या घरांतील मुले व्हिसाच्या मुदतीवर परदेशी नोकरी करीत आहेत, त्या प्रत्येक घराने हा इतिहास वाचावा. परवाना राज्यकर्ते देतात आणि तेच काढूनही घेतात. ओळख मात्र पिढ्यांनी कमावलेली असते व ती पिढ्यांनीच सांभाळावयाची असते.