दामदुपट आणि वीजकंपनीचा भाग

कोथरूड गावातून पश्चिमेस निघणारा पौडचा रस्ता पुढे मुळशीच्या धरणापर्यंत जातो. एके काळी पुणे शहराबाहेरचे लहानसे खेडे असलेले कोथरूड आज शहराचाच दाट वस्तीचा भाग झाले आहे. मुळशी खोऱ्यातून पुण्याकडे येणाऱ्यांची वाट पूर्वीपासून येथूनच गेलेली आहे. या वाटेच्या एका टोकाला पाणी अडले आणि त्या पाण्यापासून निर्माण झालेली वीज सह्याद्री उतरून मुंबईस गेली. कोथरूडच्या घरांतील दिवा मात्र आज महावितरणाच्या तारेवर जळतो. वीजकंपनीच्या भागात गुंतविलेल्या पैशाचे शंभर वर्षांत काय झाले असते, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर हा भूगोल आरंभीच ध्यानात घेणे इष्ट होय.

टाटा हायड्रोइलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी १९१० साली झाली. या योजनेसाठी लंडनमध्ये भांडवल उभारण्याचा प्रयत्न प्रथम झाला होता. तो फसल्यावर संस्थानिक व मुंबईचे व्यापारी यांच्याकडून ते येथेच उभे राहिले. १९११ साली लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. बंगालहून येणाऱ्या कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांना ही वीज किफायतीची होती. दीर्घ मुदतीच्या करारांनी ग्राहक आधीच बांधले गेले असल्यामुळे कंपनीचे उत्पन्न कापडाच्या भावाप्रमाणे हेलकावे खाणारे नव्हते. मॉन्सून वेळेवर आला म्हणजे निम्मे काम झाले. याच प्रदेशात, तळेगावास, १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला होता. त्या फंडास पैसा देणाराने परताव्याची अपेक्षा ठेवली नव्हती. वीजकंपनीचा भाग घेणाराने ती ठेवली होती. एकाच दशकातील या दोन देण्यांमधील फरक मराठी मध्यमवर्गाच्या अर्थविषयक वृत्तीवर पुष्कळ प्रकाश टाकतो.

ही अपेक्षा व्यक्त करण्यास त्या वेळच्या मराठीत कोणते शब्द होते? ‘मुद्दल’ व ‘व्याज’ हे सावकारीचे शब्द हाताशी होते. ‘व्याज’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ निमित्त वा कपट असा असून तो ‘निर्व्याज’ या विशेषणात अद्याप टिकून आहे. ज्याच्या मनात छक्केपंजे नाहीत त्याचेच प्रेम निर्व्याज म्हणावयाचे. या कपटास हिंदू धर्मशास्त्राने एक सीमा घातली होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीत येतो आणि इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. शंभर रुपयांच्या कर्जापोटी ऋणको एका वेळी दोनशेहून अधिक देणे लागत नसे, मग कर्ज कितीही जुने असो. सावकारी व्यवहार कितीही जाचक असला तरी काळाच्या वाढीला कोठेतरी थांबा असावा, ही कल्पना त्यात आहे.

भागास असा थांबा नाही. ‘भाग’ म्हणजे वाटा. वाटेकरी हा ऋणकोचा धनी नसून उद्योगाचा सहधनी असतो, म्हणून दामदुपट त्यास लागू होत नाही. ‘लाभांश’ हा शब्द ही गोष्ट अचूक सांगतो: लाभ असेल तर अंश. येथून पुढचे गणित साधे आहे. १९१० साली शंभर रुपये गुंतविले व दर साल शेकडा पाच मिळून तो लाभांश खर्च केला, तर १०० वर्षांत हाती येणारे पाचशे आणि मूळ शंभर मिळून सहाशे होतात. तोच लाभांश दर वर्षी त्याच दराने पुन्हा गुंतविला, तर मूळ रक्कम सुमारे १३,१५० रुपये होते. दर शेकडा सात धरल्यास आकडा ८६,७०० च्या वर जातो. दोन टक्क्यांच्या फरकाने फळ साडेसहापट वाढते. हे चक्रवाढीचे सामर्थ्य होय. दामदुपटीची दोनशेची रेषा शेकडा पाचच्या चक्रवाढीने पंधराव्या वर्षीच ओलांडली जाते.

परंतु हे गणित इतिहास नव्हे. त्यात कर नाही, रुपयाच्या किंमतीची घसरण नाही, आणि घरातील लग्नकार्य वा दुष्काळ यांसाठी भाग विकावा लागल्याची नोंद नाही. शंभर वर्षे म्हणजे तीन-चार पिढ्या. इतक्या पिढ्यांत एकाही वारसाने वाटणी मागितली नाही असे कुटुंब विरळाच! शिवाय कंपनीचा नफा भागधारकापर्यंत पोचण्यापूर्वी व्यवस्थापन-अभिकर्त्यांचे कमिशन वजा होई. ही अभिकर्तापद्धती कायद्याने १९७० साली संपली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने तर परवानेधारक कंपन्यांच्या नफ्यावर ‘वाजवी परताव्या’ची मर्यादाच घातली आणि पुढे ती रिझर्व्ह बँकेच्या दराशी जोडली गेली. दामदुपटीने एकूण रकमेला बांध घातला होता. या कायद्याने वार्षिक दराला घातला. ‘वाजवी’ हा फारसी-अरबी वळणाचा शब्द येथे धर्मशास्त्राच्या जागी येऊन बसला, हे भाषेच्या अभ्यासकास मोठे लक्षणीय वाटावे.

याहून मोठी गोष्ट अशी की, पाळत ठेवून शंभर वर्षांचा हिशेब मांडता येतो तो जिवंत राहिलेल्या कंपनीचाच. १९०५ साली स्थापन झालेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९१० च्या सुमाराच्या गुंतवणूकदारास टाटांच्या नव्या, अद्याप वीज न निघालेल्या योजनेपेक्षा अधिक भरवशाची वाटली असती तर त्यात नवल नव्हते. तिच्या ट्रामगाड्या डोळ्यांसमोर धावत होत्या. ती कंपनी १९४७ च्या ऑगस्टात मुंबई महानगरपालिकेने ताब्यात घेतली. भागधारकांची साखळी तेथे तुटली. पुण्यास वीज पुरविणारी पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीही कालांतराने १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळात विलीन झाली. वीज ही लोकोपयोगी वस्तू असल्यामुळेच तिचा ग्राहक टिकाऊ, आणि त्याच कारणामुळे तिची मालकी शासनाच्या हाती जाण्याचा संभवही मोठा. गुंतवणुकीची सुरक्षितता व तिचा अंत या दोन्हींचे मूळ एकच आहे.

पाण्याच्या टोकाकडे पाहिले तर हिशेबाची दुसरी वही उघडते. टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. नीला व मुळा यांच्या संगमापाशी तिने आरंभिलेल्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या जावयाच्या होत्या. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालून मोडला आणि १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात या लढ्यातील जी फूट दाखविली आहे ती प्रस्तुत विषयास अत्यंत महत्त्वाची आहे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनीचे कागदोपत्री मालक पुण्याचे सावकार होते. त्यांचा कल मोबदला घेण्याकडे वळला, कसणाऱ्या कुळांस तो मार्गच नव्हता.

मुळशीच्या शेतकऱ्याने मोबदल्याची रक्कम त्याच कंपनीच्या भागात ठेवली असती तर आज त्याचे वारस संपन्न असते, असे म्हणणे सोपे आहे. वरील कोष्टक त्यास आधार देईल. पण ज्या कुळाचे नाव सात-बाराऐवजी सावकाराच्या खतावणीत ऋणको म्हणून होते, त्याच्या हाती गुंतविण्यास रक्कमच आली नाही. ज्याच्या हाती ती आली तो व्याजाच्या व्यवहारात मुरलेला सावकार होता. २००० साली टाटा हायड्रो व आंध्र व्हॅली या कंपन्या टाटा पॉवरमध्ये विलीन झाल्या. तेव्हापासून लोणावळ्याचा भाग आणि मुळशीचा भाग असा भेद भागधारकांच्या नोंदवहीत उरलेला नाही.