सनदेविना वकिली

माणसं वकिलीकडे कशी वळतात याची उत्तरं बहुधा ठरलेली असतात. कुणाचे वडील वकील असतात, कुणाला वादविवादाची आवड असते आणि कुणाला बी.ए. झाल्यावर दुसरं काही सुचत नाही. आमच्या वर्गातले बरेचसे या तिसऱ्या कारणाने पणजी-मडगावच्या कोर्टांत पोचले आणि तिथे चांगले रुळले! पण सोसावं लागलेल्या अन्यायातून या व्यवसायात आलेली माणसंही इतिहासात आहेत. त्यांतल्या एका बाईंविषयी आज लिहायचं आहे, कारण त्यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचं, आणि तरी मराठी माणसाला त्यांची ओळख फारशी नाही.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा. वडील पारशी, पण तरुणपणी ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवलं. या बाईंकडे पुण्यातल्या अनेक स्त्रिया आपली गाऱ्हाणी घेऊन येत. एकदा एक श्रीमंत गुजराती बाई आली. तिच्या कारभाऱ्याने तिला फसवून कागदावर सही घेतली होती आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घेतली होती. मुलगी शेजारी बसून हे ऐकत होती. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असं आईने तिला सांगितलं. ही आठवण कॉर्नेलियांनीच पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

म्हणजे वकिलीचं बीज पडलं ते दुसऱ्या बाईच्या दुःखातून. स्वतःच्या वाट्याला यायचं ते पुढे आलंच. डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात त्या शिकल्या आणि पदवी परीक्षेत कॉलेजात पहिल्या आल्या. त्या क्रमांकावर इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती त्यांना मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं. अखेर इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी जमवली. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या.

याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. कोर्टाचे चटके त्यांनी सोसले, पण वळल्या वैद्यकीकडे. यात नवल नाही. डॉक्टरकीचं दार स्त्रियांसाठी निदान किलकिलं झालं होतं. वकिलीचं दार पक्कं बंद होतं. त्या बंद दाराकडे कॉर्नेलिया समजून उमजून निघाल्या होत्या.

१८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. तिला बसण्यासाठी विद्यापीठाकडून खास परवानगी काढावी लागली. परीक्षा पास झाल्या, पण पदवी नाही! ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, आणि यांच्या हातात ती पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. भारतात परतल्यावर १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, असं सगळं झालं. सनद मात्र मिळेना.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. कॉर्नेलियांनी वेगळी वाट काढली. बंगाल-बिहारच्या जमीनदार घराण्यांत पडदानशीन विधवा असत. इस्टेट त्यांच्या नावावर, पण परपुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळे कागद, वसुली, कोर्ट सगळं कारभाऱ्याच्या हातात. कायदा या बायकांच्या बाजूने नव्हता असं मुळीच नाही. पडदानशीन बाईकडून करून घेतलेला दस्त पुढे वादात सापडला, तर तिला मजकूर समजावून दिला होता आणि तो तिला समजला होता, हे त्या दस्ताचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करावं, असंच न्यायालयं म्हणत आली होती. पण फसवणूक झाली हे सांगायला ती कोर्टापर्यंत येणार कशी? पुरुष वकील पडद्याआड जाऊ शकत नाही, आणि जी जाऊ शकते तिला वकील व्हायची परवानगी नाही. ही अडचण कॉर्नेलियांनी नेमकी हेरली आणि सरकारच्या पाठीमागे लागल्या. १९०४ मध्ये त्यांची कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या आणि अशा स्त्रियांच्या इस्टेटी सांभाळणारं हे सरकारी खातं. पुढची जवळजवळ वीस वर्षं पालखीतून, बोटीतून, आगगाडीतून त्या या वाड्यांमध्ये फिरल्या. सहाशेच्या वर स्त्रिया आणि मुलांना त्यांची मदत झाली असं मानलं जातं.

१९२१ मध्ये अलाहाबादने त्यांना सनद दिली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ चा. १९२४ पासून कलकत्त्यात त्या वकिली करू लागल्या तेव्हा पंचावन्नी उलटून गेली होती. तिथेही त्यांच्याकडे येई ते मुख्यतः लेखी सल्ल्याचं काम. १९२९ मध्ये व्यवसाय सोडून त्या लंडनला गेल्या आणि १९५४ मध्ये तिथेच वारल्या.

त्यांचं सगळंच पटण्यासारखं नाही. त्या ब्रिटिश राज्याच्या कट्टर समर्थक होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला आणि कॅथरीन मेयोच्या बदनाम पुस्तकाची बाजू घेतली. त्यांची आठवण मागे पडायला हेही एक कारण असावं. पण राजकारण चुकलं म्हणून पडद्याआडचं काम खोटं ठरत नाही.

आता गोव्याचं. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे अर्धे-अर्धे धनी, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याने घर-जमीन विकायची नाही. या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण सरकारी टेबलाच्या अलीकडे बसून मी वर्षानुवर्षं पाहतो की दस्तावर सही करायला आलेली बाई बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते, "सय खंय करूं?" काय लिहिलंय, असं विचारणारी क्वचित. वास्तविक तिची सही लागते याचाच अर्थ तिला नाही म्हणायचा अधिकार आहे. पण तो तिला कुणी सांगितलेला नसतो. इथे पडदा नाही, बाई समोर उभी आहे, तरी कागद आणि तिच्यामध्ये कुणीतरी दुसराच असतो, कधी भाऊ, कधी मुलगा.

कॉर्नेलियांच्या आयुष्यातून मला जे दिसतं ते एवढंच. शिष्यवृत्ती नाकारली, पदवी अडवली, सनद दिली नाही, या गोष्टींनी त्यांना चिवट केलं. पण त्या नुसत्या चिवटपणातून एक हट्टी, कडवट बाई तयार झाली असती. काम कुणासाठी करायचं हे त्या गुजराती बाईच्या गाऱ्हाण्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, म्हणून सनदेसाठी न थांबता त्यांना काम सुरू करता आलं.

तेव्हा वाचकहो, कायदा शिकणारी मुलगी तुमच्या घरात असेल तर तिला हे नाव जरूर सांगा. आणि नसली तरी आई, मावशी, काकी यांच्यापुढे कुणी कागद ठेवला, तर सहीआधी तो त्यांना मोठ्याने, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. त्याला कसलीच सनद लागत नाही.