अडतीस विरुद्ध तेरा

मार्च १९१२. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात एका विधेयकावर मतं मोजली गेली. बाजूने १३, विरोधात ३८. विधेयक मंजूर करा अशीही मागणी नव्हती. ते प्रवर समितीकडे पाठवा, एवढंच म्हणणं होतं. तेही फेटाळलं गेलं. विधेयक मांडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना हा निकाल आधीच ठाऊक होता. भाषणात त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं.

शाळेत मला गोखले भेटले ते 'मवाळ' आणि 'गांधीजींचे गुरू' एवढ्याच ओळखीने. दोन गुणांचा प्रश्न, दोन गुणांचं उत्तर. अलीकडे त्यांची भाषणं वाचायला घेतली ती वेगळ्या कारणासाठी. निवडून कसं यायचं, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत तज्ज्ञच तज्ज्ञ. निवडून आल्यावर माणसाने नेमकं काय करायचं असतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी त्यांचे मतदार बघा. १९०१ साली गोखले मध्यवर्ती कौन्सिलात गेले ते मुंबई कौन्सिलातल्या मूठभर बिनसरकारी सभासदांच्या मतांवर. सामान्य माणसाला मताचा अधिकारच नव्हता. म्हणजे ज्यांच्यासाठी बोलायचं, त्यांनी यांना निवडलेलं नाही आणि ते यांना पाडूही शकत नाहीत. अशा वेळी त्यांच्यासाठी कशाला घाम गाळायचा?

गोखल्यांनी गाळला. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. तेव्हाच्या नियमांनुसार सभासदाला अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मत देता येत नसे. हातात होता फक्त युक्तिवाद. सरकार शिल्लक रक्कम दाखवून खूश होतं. गोखल्यांनी त्या शिलकीलाच हात घातला. रुपयाची किंमत घसरत होती तेव्हा इंग्लंडला पैसे पाठवणं महाग पडत होतं, म्हणून कर वाढवले गेले. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच झाला. पुढे रुपया सावरला, सरकारचा खर्च हलका झाला, कर मात्र तिथेच राहिला. दुष्काळ आणि प्लेगने खचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातंय, त्याचंच नाव शिल्लक, असा त्यांचा मुद्दा होता. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर, १९०७ साली एकावर. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण दरवर्षी तोच हिशेब नव्या आकड्यांसह समोर ठेवणारा माणूस तिथे होता.

हे आकडे आले कुठून? गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, त्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही लिहिलं होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचायची शिस्त लावली होती. शिवाय पाठीशी गणेश व्यंकटेश जोशी होते. हे सार्वजनिक काका नव्हेत, दुसरे जोशी : पेशाने शाळामास्तर, आणि सरकारी जमाखर्च कोळून प्यायलेले. भाषणाच्या तयारीसाठी गोखले त्यांची मदत घेत. आपल्यापेक्षा जास्त कळणाऱ्याला विचारायची त्यांना लाज वाटली नाही.

एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. १८९७ साली प्लेगच्या तपासणीत पुण्यात सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती गोखल्यांना पत्रांतून कळली. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते, त्यांनी ती तिथे जाहीर केली. परत आल्यावर पुराव्याला कोणी उभं राहीना. गोखल्यांनी कळवणाऱ्यांची नावं फोडली नाहीत आणि जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर भरपूर टीका झाली. अत्याचाराच्या तक्रारी इतरही करत होते. मग ही माफी प्रामाणिकपणा की माघार? माझं अजून ठरत नाही. पण त्यानंतर ते पुराव्याशिवाय फारसं काही बोलले नाहीत, हे भाषणांत दिसतं.

आता ते पडलेलं विधेयक. १६ मार्च १९११ रोजी मांडलेल्या या विधेयकाचा विषय होता सक्तीचं प्राथमिक शिक्षण. मागणी नवी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ती केली होती. सयाजीरावांनी बडोदा संस्थानात ती अमलातही आणली होती. गोखल्यांचं विधेयक त्यामानाने फारच सबुरीचं. सहा ते दहा वर्षांचे मुलगे, तेही नगरपालिका किंवा लोकल बोर्डाची तयारी असेल तिथेच. मुलींचा विचार नंतर. महिना दहा रुपयांपेक्षा कमी कमावणाऱ्या बापाला फी माफ. एवढंही सरकारला झेपलं नाही. पैसा नाही, लोकांना नकोय, ही कारणं पुढे आली. पोरं शाळेत गेली तर शेतात कोण राबणार, ही जमीनदारांची काळजी. विरोधी मतांत भारतीयही होते.

आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच सेवा करणं आलं आहे, अशा आशयाचं गोखले तेव्हा बोलले. मधुमेहाने शरीर पोखरलेलं होतं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. तीनच वर्षांनी विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. देशपातळीवर शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं.

त्या मतदानाच्या दिवशी सहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर जगला असता, तर एकशे चार वर्षांचा झाला असता. त्याला मत नव्हतं, शाळा नव्हती, आणि आपल्यासाठी तेरा जण उभे राहिले हेही त्याला कळलं नसणार. पुढच्या वेळी माझ्या आमदाराचं काम मोजताना मी एवढंच बघणार आहे : ज्यांच्या मताने त्याला काही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी तो कधी हरला आहे का?