टाटा बंधूंचे दान आणि मुळशीचे पाणी

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या कोणत्याही धीम्या गाडीत, क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट छातीशी धरून बसलेले एखादे माणूस हमखास आढळते. त्याच्याजवळ एक नातलग असतो, पिशवीत पोळी-भाजीचा डबा असतो, आणि ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर असते : ‘टाटाला.’ ठाणे-कल्याण परिसरातील क्वचितच एखादे कुटुंब असेल, की ज्याच्या घरातून किंवा शेजारातून कोणी परळच्या त्या रुग्णालयाची पायरी चढलेले नाही. ‘टाटा’ हे एका व्यक्तीचे, एका दांपत्याचे नाव होते आणि हे रुग्णालय एका वियोगातून उभे राहिले, ही गोष्ट मात्र आता फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

आज अब्जाधीशांच्या दानाची मोठी चर्चा होते. 2010 साली अमेरिकेत वॉरन बफे आणि बिल गेट्स यांनी धनिकांना आवाहन केले, की आपली निम्म्याहून अधिक संपत्ती समाजकार्यासाठी देण्याचे वचन द्या. 2013 मध्ये आपल्याकडील अझीम प्रेमजी त्या यादीत सामील झाले. त्याही आधी, 1889 साली, पोलादसम्राट अँड्रयू कार्नेगी याने संपत्तीविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात श्रीमंत म्हणून मरणे लाजिरवाणे ठरविले होते. आणि याच कार्नेगीच्या होमस्टेड येथील कारखान्यात 1892 साली कामगारांचा संप रक्तपाताने मोडून काढण्यात आला. ग्रंथालये बांधणारा हात आणि वेतन कापणारा हात एकाच देहाचे असू शकतात. ही अडचण केवळ अमेरिकेची नाही, आपलीही आहे.

मुंबई इलाख्यात दानाची परंपरा जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभाई (1783-1859) यांचे रुग्णालय 1845 साली उभे राहिले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या 1 लाख 57 हजार रुपयांच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध पुरा झाला. सप्टेंबरात मोत माउलीच्या यात्रेला जाणारे आपले भाविक आजही त्याच वाटेने जातात. परंतु जीजीभाईंच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला होता. या व्यापारातील त्यांचे एक भागीदार रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे कॅथोलिक गृहस्थ होते, हेही आपण विसरू नये. दुसऱ्याच्या पैशाकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःच्या अंगणाकडे पाहणे बरे.

ठाणे जिल्ह्यातही दात्यांची नावे इमारतींवर कोरलेली आहेत. 1901 साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाशी शेठ नरोत्तमदास माधवदास यांचे नाव निगडित आहे, तर जिल्हा रुग्णालयाला विठ्ठल सायन्ना यांचे. डोंबिवलीतील पेंढरकर महाविद्यालय ज्या के. वि. पेंढरकरांच्या नावाने ओळखले जाते, त्यांनी दंतमंजन घरोघर विकून ‘विको’चा उद्योग उभारला. हे सारे दान आदरणीयच आहे. टाटा बंधूंचे दान निराळे ठरते ते एका कारणाने : त्यांनी संपत्तीतून काढून दिले नाही, तर संपत्तीच देऊन टाकली.

या कथेचा आरंभ वडिलांपासून होतो. नवसारीत 1839 साली जन्मलेले जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी 1892 मध्ये होतकरू तरुणांना परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी स्थापन केला. 1898 साली संशोधनपर विद्यापीठासाठी आपल्या मालकीच्या इमारती व जमिनी, सुमारे 30 लाख रुपयांच्या, त्यांनी देऊ केल्या. लॉर्ड कर्झन या योजनेविषयी साशंक होता. 1904 साली जमशेटजी जर्मनीत निवर्तले, तोवर संस्थेचा पत्ता नव्हता. म्हैसूर दरबाराने 371 एकर जमीन दिल्यावर 1909 मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अस्तित्वात आली. पित्याने देऊ केलेल्या मिळकतीवर मुलांनी हक्क सांगितला नाही, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. वारसांच्या भांडणात बुडालेली दाने आपण पुष्कळ पाहिली आहेत.

धाकटे सर रतनजी (1871-1918) प्रकृतीने नाजूक आणि कलासक्त होते. चित्रे, जेड दगडाच्या वस्तू, शस्त्रे यांचा त्यांनी जमविलेला संग्रह आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लंडनजवळ ट्विकनहॅम येथे त्यांचा वाडा होता. अशा माणसाविषयी आपला ग्रह काय होईल, ते सांगायला नको! पण याच रतनजींनी दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या गांधीजींना 1909 पासून वेळोवेळी मिळून 1 लाख 25 हजार रुपये पाठविले. त्या काळी गांधी हे नाव हिंदुस्थानात अद्याप घरोघरी पोचलेले नव्हते. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी दहा वर्षे दरसाल 10 हजार रुपये दिले. पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला.

त्यांचे सर्वांत विलक्षण दान मात्र लंडनला गेले. दारिद्र्य का निर्माण होते आणि ते कसे हटविता येईल, याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेला त्यांनी दरवर्षी 1400 पौंड देऊ केले. त्या निधीचे पहिले संचालक होते आर. एच. टॉनी. साखळ्या घडविणाऱ्या इंग्रज कामगारांच्या किमान वेतनाचा त्यांनी केलेला अभ्यास 1914 साली प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली त्या काळात तेथील समाजकार्य विभागात अध्यापन करीत. मुंबईच्या गिरणीमालकाच्या पैशातून इंग्लंडमधील मजुराच्या वेतनाचा हिशेब मांडला जावा, हा योग मोठा चमत्कारिक आहे. मुंबईच्या गिरण्यांतील मजुराचा हिशेब तेव्हा कोण मांडीत होते, असा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

1918 साली रतनजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे वारले, वयाच्या 47 व्या वर्षी. त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या इच्छेनुसार 1919 मध्ये सुमारे 80 लाख रुपयांचा विश्वस्त निधी स्थापन झाला. पत्नी नवाजबाईंनी पुढे मुंबईच्या पारशी अनाथालयातील एका मुलाला दत्तक घेतले. तो मुलगा म्हणजे नवल टाटा. 9 ऑक्टोबर 2024 रोजी ज्यांच्या निधनाने सारा देश हळहळला, ते रतन टाटा या नवल टाटांचे पुत्र. अनाथालयातून आलेल्या मुलाच्या मुलाने पुढे या सर्व निधींची धुरा वाहिली.

थोरले सर दोराबजी (1859-1932) हे कर्त्या पुरुषाच्या घडणीचे. जमशेदपूरचा पोलाद कारखाना आणि मुंबईला वीज पुरविणाऱ्या कंपन्या ही पित्याची स्वप्ने त्यांनी प्रत्यक्षात आणली. पत्नी मेहरबाईंसाठी त्यांनी ‘ज्युबिली’ नावाचा हिरा घेतला होता. 245 कॅरटांचा हा हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. 1924 साली पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला आणि कामगारांचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खासगी मालमत्ता, त्या हिऱ्यासकट, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. कारखाना तरला.

मेहरबाई केवळ हिरा मिरविणाऱ्या नव्हत्या. बालविवाह प्रतिबंधाच्या कायद्यासाठी त्यांनी खटपट केली होती. रक्ताच्या कर्करोगाने 18 जून 1931 रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. या पतिपत्नींनाही मूलबाळ नव्हते. पुढल्या वर्षभरात दोराबजींनी जे केले, त्याला तोड नाही. मार्च 1932 मध्ये त्यांनी टाटा सन्समधील आपले भाग, जमीनजुमला, पत्नीच्या मागे उरलेले दागिने, असे सर्वस्व विश्वस्तांच्या स्वाधीन केले. तो हिराही पुढे विकला गेला व त्याचा पैसा निधीत आला. शिवाय रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावाने वेगळा निधी झाला. दानपत्रात जात, धर्म, देश यांचा भेद ठेवलेला नव्हता. आपल्या ज्ञातीपुरते दान करण्याच्या त्या काळात ही अट न घालणे हेच एक पाऊल होते. मग ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले आणि 3 जून 1932 रोजी वाटेतच, जर्मनीत त्यांना मृत्यूने गाठले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे दोघे शेजारी विसावली आहेत.

या दानाची यंत्रणा थोडी समजून घेण्याजोगी आहे. रोकड वाटून टाकली की एक दिवस ती संपते. या बंधूंनी कंपनीची मालकीच निधींना दिली. आंबे न वाटता बाग देऊन टाकावी, तसे हे झाले. आज टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे दोनतृतीयांश भाग टाटा घराण्याच्या निधींकडे आहेत आणि लाभांश दरवर्षी त्यांच्याकडे येतो. त्यातूनच 1936 साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी होते. 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळचे रुग्णालय उघडले. 1945 साली होमी भाभांची मूलभूत संशोधन संस्था आली. विश्वस्तांत वाद झाले नाहीत असे नाही, आणि न्यायालयाच्या पायऱ्याही झिजल्या. पण बाग अद्याप उभी आहे.

आता मुळशी. कल्याण-शीळ रस्त्यावर ‘टाटा पॉवर’ नावाचा नाका आहे. बसमधून उतरणाऱ्यांना ते केवळ थांब्याचे नाव वाटते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात उतरवायचे आणि त्यावर मुंबईची वीज करायची, अशी टाटांची योजना होती. 1919 साली स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले. मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. जमिनी सरकारने कायद्याने संपादन करून दिल्या. बऱ्याच मावळ्यांच्या जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे अडकल्या होत्या, त्यामुळे भरपाई कसणाऱ्याच्या हाती कितीशी पडणार? 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे झाले. बायामाणसे धरणाच्या कामावर जाऊन बसली. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली, आणि अखेरीस सात वर्षांची सक्तमजुरीही. धरण झाले, गावे बुडाली. 1927 साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. त्या वेळी टाटांच्या कारभाराचे सुकाणू दोराबजींच्याच हाती होते.

म्हणून दोराबजींचे दान खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. ज्याने स्वतःसाठी काहीही मागे ठेवले नाही, त्याच्या हेतूविषयी शंका घेणे हलकटपणाचे होईल. याच टाटांनी जमशेदपुरात 1912 साली आठ तासांचा दिवस लागू केला होता, आणि तिथल्याच कामगारांना पुढे संपही करावे लागले. दीनबंधू सी. एफ. अँड्रयूज त्या कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. हिशेब सरळ नाही. एवढे मात्र म्हणावेसे वाटते, की दात्यांच्या यादीत मुळशीच्या मावळ्यांचे नाव नाही. त्यांनीही दिले, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. स्वेच्छेने दिलेले आणि हिरावून घेतलेले, या दोहोंतून परळची ती इमारत उभी आहे.

ते रुग्णालय निधीने 1957 साली केंद्र सरकारकडे सुपूर्द केले. 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. असंख्य गोरगरीब रुग्णांवर तेथे विनामूल्य अथवा नाममात्र शुल्कात उपचार होतात. ज्या रस्त्यावर ते आहे, त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव दिलेले आहे. हे मूळचे गोव्याचे कॅथोलिक शल्यविशारद 1969 साली निवर्तले; त्यांच्याजवळ द्यायला कंपनीचे भाग नव्हते, त्यांनी आपली उमेदीची वर्षे या रुग्णालयाला दिली. वांद्रे येथे बाहेरगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाचे निवासस्थान आहे. तेथे जागा न मिळालेले पुष्कळ रुग्ण दादरच्या धर्मशाळेत उतरतात. ती आहे गाडगे महाराजांच्या नावाची, ज्यांच्याजवळ एक फुटके मडके आणि एक खराटा होता.